मोळी एकट्यानं उचलायची नसते

सर्वांना सलाम.

जालन्यात बोलायला उभं राहिलं की नारायण शेषाद्रींची आठवण येतेच. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे इथं आला आणि त्यानं जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची होती. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पणजोबांनी प्रभूचं नाव पहिल्यांदा याच भागात ऐकलं. ज्यांना गावानं दुबळं ठरवलं होतं त्यांच्याच घरात शुभवार्ता आधी शिरली, ही गोष्ट आजच्या विषयाला, अशक्तपणातल्या शक्तीला, धरूनच आहे.

मी पाळक आहे. माझी मंडळी बीड जिल्ह्यातली, डोंगरपट्ट्यातली. आमच्याकडे दिवाळी झाली की उपासनेच्या चटया निम्म्याहून जास्त रिकाम्या पडतात. लोक ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जाते आणि परततात तेव्हा पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, जवळ आलेला असतो. म्हणजे माझ्या मंडळीचा नाताळ फडावर, उसाच्या रानात, होतो. पाळक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी ठरवलं, लोक इथं नाहीत तर मीच तिकडे जाईन.

सांगलीकडच्या एका फडावर पहाटे पोचलो. थंडी, धूर, ओल्या पाचटाचा वास. कोप्यांच्या रांगेत लेकरं झोपलेली आणि माणसं कधीच कामाला लागलेली. वय तिशीच्या आत, अंगात रग. म्हटलं, नुसता उपदेश करून परत जायचं नाही, यांच्याबरोबर राबायचं. बांधून ठेवलेली मोळी उचलायला वाकलो. गुडघ्यापर्यंत आली. मांडीवर घेतली, घसरली. पुन्हा धरली. उसाच्या पात्यानं मनगट कापलं, कमरेत चमक भरली, पण मोळी काही डोक्यावर चढेना. आमच्या मंडळीतली एक मावशी शेजारी मोळ्या बांधत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाळकबाबा, एकट्यानं कशाला झोंबायलाव? मोळी एकट्यानं उचलायची नसती. हाक मारायची असती."

मग तिनं चुंबळ ठेवली, नवऱ्याला हाक मारली, त्यानं मोळीला खालून हात लावला आणि एका क्षणात मोळी तिच्या डोक्यावर. फळीवरून तोल सांभाळत ती ट्रॉलीत चढलीसुद्धा. माझ्यापेक्षा हातभर उंचीनं कमी बाई.

मोळी डोक्यावर आली की मान आपली, पाय आपले, चालणं आपलं. पण ती डोक्यावर चढवायला दुसऱ्याचे हात लागतात. फडावर याची कुणाला लाज वाटत नाही. हाक मारली म्हणून कुणी कमी ठरत नाही. मी बायबल कॉलेजात तीन वर्षं घालवून जे शिकलो नव्हतो ते त्या मावशीनं एका वाक्यात शिकवलं. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला ते नुसतं ऐकू आलं. कळायला पुढं पुष्कळ वर्षं गेली.

आज वाचलेला उतारा करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायातला. येशूचा प्रेषित पौल हे पत्र साधारण इ.स. 55-56 च्या सुमारास लिहितो. करिंथ म्हणजे दोन बंदरांचं, पैशानं खेळणारं शहर. तिथं भारदस्त शिफारसपत्रं घेऊन फिरणारे, घोटून भाषण करणारे प्रेषित आले होते आणि पौलाबद्दल म्हणत होते की पत्रं जोरदार लिहितो, पण समोर आला की देह अशक्त आणि बोलणं टाकाऊ. मंडळीलाही ते पटू लागलं होतं. पुढारी कसा दिसावा, कसा बोलावा, हे माप तेव्हाही असंच होतं.

यावर पौल काय करतो? तो म्हणतो, प्रौढीच मिरवायची आहे ना, मग ऐका माझी. आणि यादी सुरू करतो: फटके, तुरुंग, फुटलेली जहाजं, उपास, थंडी, उघडेपणा. यादीच्या शेवटी, अगदी मानाच्या जागी, दिमिष्कातली गोष्ट. राजाचा अधिकारी पकडायला टपलेला आणि पौलाला पाटीत बसवून, खिडकीतून, कुसावरून रात्री खाली सोडलं. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर जो शिपाई पहिला चढेल त्याला सोन्याचा मुकुट मिळायचा. आणि हा प्रेषित सांगतो, मी तटावरून खाली उतरलो, तेही पाटीत, दोर दुसऱ्यांच्या हातात. ते दोर धरणारे हात कुणाचे होते त्यांची नावंही आपल्याकडे नाहीत. त्या हातांनी दोर सोडला असता तर आज नव्या करारात पौलाचं एकही पत्र नसतं.

मग येतो काटा. "देहात काटा." मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काट्यापासून टोकदार खुंटापर्यंत जातो. म्हणजे बोटात रुतलेली कूस समजू नका. बाभळीचा काटा टाचेत मोडला की तो दिसत नाही, निघत नाही, आणि प्रत्येक पावलाला आठवण करून देतो, तसलं काहीतरी. डोळ्यांचा आजार, ताप, फेफरं, लोकांचा छळ, पंडितांनी पुष्कळ तर्क केले. पौलानं मात्र नाव सांगितलं नाही आणि मला वाटतं त्यामुळेच आपल्या प्रत्येकाचा काटा त्या ओळीत मावतो.

त्यानं तीनदा विनंती केली. तीनदा. गेथशेमाने बागेत प्रभूनंही तीनदाच प्रार्थना केली होती. आणि दोघांनाही मागितलेलं मिळालं नाही. मिळालं ते हे: "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते." पुढं पौल म्हणतो, ख्रिस्ताची शक्ती माझ्यावर राहावी म्हणून मी आपल्या अशक्तपणाचीच प्रौढी मिरवीन. इथं "राहावी" या शब्दापाशी जरा थांबा. मूळ क्रियापदात तंबू दडलेला आहे. ख्रिस्ताची शक्ती माझ्यावर तंबू ठोको, असा तो अर्थ. आणि लिहिणारा कोण? प्रेषितांची कृत्ये सांगतात की पौलाचा धंदाच राहुट्या करण्याचा. त्याच्या बोटांना ते काम माहीत होतं.

आमच्या बीडच्या माणसाला हे सांगताना मी तंबू म्हणत नाही, कोपी म्हणतो. उघड्या रानात, जिथं आपलं काही नाही, तिथं चार काठ्या रोवून वर आडोसा घातलेली कोपी. पक्क्या वाड्यावर कुणी कोपी घालत नाही. जो उघड्यावर आहे त्याच्यावरच ती घालता येते.

आता मला एक सांगायचं आहे, ते सांगताना मला अजूनही जड जातं. 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. आमच्याकडे विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं छावणीत. माझ्या मंडळीतला एक शेतकरी मला रस्त्यात भेटला. मी मोटारसायकल न थांबवताच विचारलं, "काय, बरं आहे ना?" तो म्हणाला, "एकदम बरं." मीही हात हलवला. त्या आठवड्यात मला स्वतःला झोप लागत नव्हती, घरात कर्जाचा घोर होता, पण मीही कुणी विचारलं तर तेच सांगत होतो, एकदम बरं. तिसऱ्या दिवशी त्यानं आपलं आयुष्य संपवल्याचा निरोप आला.

त्याचा दफनविधी मीच केला. शब्द पाठ होते, म्हणून बोललो. पुढच्या प्रभुवारी उपदेशाला उभा राहिलो आणि गळ्यातून आवाज निघेना. वही उघडी होती, मुद्दे लिहिलेले होते. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग म्हणालो, "मला आज प्रार्थना येत नाही. तो मला भेटला होता आणि मी गाडी थांबवली नाही. मलाही रात्री झोप येत नाही."

एवढं बोलून मी खाली बसलो. मला वाटलं, संपलं, आता ही मंडळी मला पाळक म्हणून मानायची नाही. मागून एक म्हातारी उठली. तिला अक्षरओळख नाही. पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणायला लागली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आधी एकटी, मग दोन-चार जण, मग सगळे. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथं आल्यावर बायका रडत होत्या. त्या दिवशी उपासना मी चालवली नाही, ती माझ्यावर धरली गेली. दोर त्यांच्या हातात होता.

त्यानंतर रात्री-बेरात्री माणसं दारात यायला लागली, आधी कधीच न आलेली. दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, पाळकबाबा, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून आलो. कुणाचं सावकाराचं देणं, कुणाची दारू, कुणाच्या डोक्यात नको ते विचार. कुणाबरोबर बँकेत गेलो, तिघांबरोबर डॉक्टरकडे. मी स्वतःही डॉक्टरकडे गेलो, गोळ्या घेतल्या. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही, हे मी मुद्दाम व्यासपीठावरून सांगतो, कारण आपल्यात अजूनही त्याला विश्वासाची कमतरता समजतात. माझ्या पंधरा वर्षांच्या दमदार उपदेशांनी जे दार उघडलं नव्हतं ते एका न निघालेल्या आवाजानं उघडलं. कृपा पुरे आहे म्हणजे काय, हे मला तेव्हा थोडं कळलं.

पण इथं मला एक धोका दिसतो आणि तो न सांगता पुढं जाणं पाप होईल. हेच वचन फार वाईट तऱ्हेनं वापरता येतं. 2019 साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. एक दिवस आजारी पडलं तर मुकादम खाडा धरतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. पाळीच्या दिवसांतही मोळी वाहायची. अशा बाईला पाळकानं सांगावं का, सोस बाई, अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते? नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या लेकीला सांगावं का? ज्यानं हे वचन लिहिलं त्यानं काय केलं ते बघा. चौकशीवाचून फटके मारायला बांधलं तेव्हा पौलानं शताधिपतीला विचारलं, रोमी माणसाला असं मारणं कायद्यात बसतं का? न्याय मिळेना तेव्हा त्यानं कैसराकडे, रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली. स्वतःच्या काट्यासाठीही त्यानं आधी तीनदा मागणं केलं, लगेच मान तुकवली नाही. माझ्या देहाचा, मनाचा दुबळेपणा मी देवापुढं कबूल करावा, हे एक. दुसऱ्यानं माझ्यावर लादलेला अन्याय मी कृपा म्हणून गिळावा, हे अगदी वेगळं. हे दोन एकत्र कालवणाऱ्या उपदेशकापासून दूर राहा, तो मी असलो तरी.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले, बहीण गेली. ती भूक त्यांनी कधी लपवली नाही. वीसेक वर्षांनी, 1896-97 च्या दुष्काळात, त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, अनाथ मुली आणून केडगावात सांभाळल्या. भुकेल्या मुलीच्या डोळ्यांत काय असतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. उतारवयात ऐकू येईनासं झालं. त्या काळात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवत राहिल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि छापलेलं शास्त्र 1924 मध्ये बाहेर आलं. या बाईनं अन्याय मात्र एक दिवस मुकाट्यानं सोसला नाही. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात.

शेवटी वधस्तंभाच्या वाटेवर येऊ. मार्क पंधराव्या अध्यायात लिहितो की शिमोन कुरेनेकर रानातून येत होता आणि शिपायांनी त्याला वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरलं. रानातून. आपल्यासारखाच, शेतावरून घराकडे निघालेला माणूस. आणि वेठ म्हणजे काय हे निजामाच्या राज्यात राबलेल्या आपल्या आज्या-आजोबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रात्रभर मार खाल्लेल्या प्रभूचा भार वाहायला दुसऱ्याची पाठ लागली. ज्याच्या शब्दानं वादळ थांबलं त्याला हे लपवता आलं असतं. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही गाळता आलं असतं. मार्क, मत्तय, लूक, तिघांनीही गाळलं नाही.

मार्क आणखी एक सांगतो, तो शिमोन आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. म्हणजे वाचणाऱ्या मंडळीला ती पोरं ओळखीची होती. आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात, सलामांच्या लांबलचक यादीत, पौल एका रूफाचं नाव घेतो. पुष्कळ अभ्यासकांना तो हाच रूफ वाटतो. काटा घेऊन चाललेला, पाटीतून उतरलेला पौल तिथं लिहितो की रूफाला सलाम सांगा, आणि त्याच्या आईला, जी माझीही आई आहे. कधीतरी, कुठल्यातरी घरी, त्या बाईनं या प्रेषिताला आईसारखं सांभाळलं असणार.

आता आपण प्रार्थनेला उभे राहू. ज्यांना गुडघ्यांमुळे उठता येत नाही त्यांनी बसून राहा, किंवा शेजारच्याला हाक मारा. त्यानं हात दिला की मगच सुरू करू.