सीसीटीव्हीतला तो माणूस तुम्ही खरंच ओळखलात का?

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय ना? बाहेर पाऊस पत्र्यावर धडाधडा वाजतोय, तेवढं सांभाळून घ्या.

इनबॉक्स एकाच प्रश्नाने भरलाय. "ताई, माणसं चेहरे कशी ओळखतात, त्यावर बोल ना." प्रश्न का आला तेही मला ठाऊक आहे. कुठल्या तरी दुकानाच्या सीसीटीव्हीतला धुरकट फोटो ग्रुपवर येतो, खाली "दिसल्यास कळवा". अर्ध्या तासात कुणीतरी छातीठोकपणे लिहितं, "अरे, हा तर फोंड्याच्या बसस्टँडवर असतो तो!" झालं. मग कुणी खात्री करायला थांबत नाही.

मूळ गोष्टी पटकन उरकते. मेंदूत खालच्या बाजूला एक भाग आहे, चेहरा दिसला की तो जास्त काम करतो. मेंदूच्या अभ्यासक नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याला 'फ्युसिफॉर्म फेस एरिया' म्हटलं. चेहरा आपण डोळे, मग नाक, मग ओठ असा सुटासुटा वाचत नाही, सगळा एकदम बघतो. म्हणून फोटो उलटा धरला की आपली गाडी अडते. १९८० साली मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे केले. अख्खा फोटो उलटा धरला तर काही खटकत नाही, सुलटा केला की दचकायला होतं. शोधून बघा, मी इथे दाखवत नाही, मागे एका फोटोवरून कॉपीराइटची नोटीस आली होती. पुढे चला.

आता खरा मुद्दा. ओळखीचा चेहरा ओळखणं आणि अनोळखी चेहरा ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात आपण उस्ताद, दुसऱ्यात कच्चे. आणि घोळ असा, की पहिल्यातला आत्मविश्वास आपण दुसऱ्यात वापरतो.

पटलं नाही ना? पटणार नाही, मला माहीत आहे. ग्लासगोमधल्या संशोधकांचा २०११ चा एक प्रयोग ऐका. चाळीस फोटोंची कार्डं. दोन डच सेलिब्रिटी, प्रत्येकीचे वीस. ब्रिटिश लोकांना सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले! दोन बायकांच्या सात-आठ बायका. हीच कार्डं डच लोकांना दिली, तर जवळजवळ सगळ्यांनी दोनच गठ्ठे केले. ते चेहरे त्यांच्या रोजच्या बघण्यातले ना.

म्हणजे दोन वेगळी माणसं सारखी दिसतात, एवढीच अडचण नाही. एकच माणूस दर फोटोत वेगळा दिसतो. उजेड, कोन, केस, वय, हसू, कॅमेऱ्याचं अंतर. ओळखीच्या माणसाची ही सगळी रूपं आपण आधीच पाहिलेली असतात, म्हणून फरक जाणवतच नाही. (इथे एक जण नक्की लिहिणार, "ताई, तूसुद्धा प्रत्यक्षात वेगळी दिसतेस, फिल्टर लावतेस का?" नाही हो. मोबाईल तोंडाजवळ धरला की कुणाचंही नाक मोठं दिसतं.)

अजून पटत नसेल तर आपल्या गोव्याचंच घ्या. गावच्या जत्रेतलं ऐतिहासिक मराठी नाटक. पात्रं वीस, नट बारा. पहिल्या अंकातला भालदार तिसऱ्या अंकात दाढी लावून मोगल सरदार होऊन येतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगेतून आमची आत्या म्हणते, "अगो, हो आमच्या वाड्यावयलो पोर न्हय?" अख्खा मांडव हसतो. शेजारी पुण्याहून आलेले पाहुणे बसलेत, त्यांना कळत नाही एवढं हसण्यासारखं काय झालं. त्यांच्या लेखी ती दोन माणसं आहेत. आत्याची नजर पाहुण्यांपेक्षा तेज नाही, तिला मोतीबिंदू आहे. तिने त्या पोराला लहानपणापासून पाहिलंय, बस्स.

"पण ज्यांचं कामच चेहरे बघायचं, ते तरी बरोबर ओळखत असतील?" हा प्रश्न येतोच. हेच काम करणाऱ्या माणसांची परीक्षा घेतली गेली. ऑस्ट्रेलियातले पासपोर्ट अधिकारी, २०१४ सालचा अभ्यास. समोर माणूस उभा, हातात फोटो. फोटो भलत्याचाच असताना १४ टक्के वेळा त्यांनी "हो, हाच" म्हटलं. वर्षानुवर्षं नोकरी केलेले नव्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपल्या गोव्यात पासपोर्टचा विषय घरोघरी निघतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

आता सीसीटीव्ही. १९९९ मध्ये ग्लासगोलाच मानसशास्त्रज्ञ माइक बर्टन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं खराब दर्जाचं चित्रीकरण दाखवलं. त्यांचे विद्यार्थी ते बघून सरांना सहज ओळखत होते. अनोळखी लोकांची दांडी उडाली, आणि त्यात पोलीसही होते. गंमत पुढे आहे. चालण्याची ढब झाकली, अंग झाकलं, तरी विद्यार्थ्यांचं फार अडलं नाही. डोकं झाकलं, की अडलं. तेव्हा "मी चालीवरून ओळखला" म्हणणाऱ्या दादांनो, तुम्ही बहुधा चेहऱ्यावरूनच ओळखलात.

म्हणून त्या फॉरवर्डखाली नाव लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारा: हा माणूस माझ्या रोजच्या बघण्यातला आहे का? भाऊ, शेजारी, वर्गमित्र असेल तर तुमच्या शब्दाला वजन आहे, सरळ पोलिसांना सांगा. "बसस्टँडवर दोनदा पाहिलाय" असेल तर कृपा करून गप्प बसा. नाहीतर तुमच्या अंदाजावरून कुणाच्या तरी दारात उद्या माणसं जमतील.

"मी एकदा बघितलेला चेहरा विसरत नाही" ही कमेंट दर व्हिडिओखाली असते. तशी माणसं आहेत, 'सुपर रेकग्नायझर' म्हणतात, २००९ मध्ये त्यांच्यावर पहिला अभ्यास छापून आला. पण त्यांना चाचणीतून शोधावं लागतं. कमेंटमध्ये लिहून कुणी होत नाही!

आणि जिने लिहिलंय, "मला वर्गातल्या मुलीही युनिफॉर्म नसला की ओळखू येत नाहीत, मी शिष्ट आहे असं सगळ्यांना वाटतं", तिला थेट सांगते. बाये, याला प्रोसोपॅग्नोझिया म्हणतात. काहींना डोक्याला मार लागून होतो, काहींना जन्मापासून असतो, शंभरात साधारण दोघांना, असा अंदाज आहे. ऑलिव्हर सॅक्स, एवढे मोठे न्यूरॉलॉजिस्ट, त्यांनाही होता. डोळे आणि बुद्धी शाबूत असते. नीट तपासायचं तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे जा. तोवर मैत्रिणींना सांगून ठेव, की हाक मारताना आधी आपलं नाव सांगा. दोघी-तिघी हसतील, हसू दे.

भुवया काढल्या तर माणूस ओळखू येतो का, हाही प्रश्न आलाय. त्यावर वेगळा व्हिडिओ करते, पण शुक्रवारी नाही, शुक्रवारी मला म्हापशाच्या बाजारात जायचंय.