बिग बँग मांडणारे फादर

1933 चा, कॅलिफोर्नियातला एक फोटो आहे. मधले, गळ्यात पाद्र्यांची कॉलर घातलेले, ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र, आणि त्यांच्या बाजूला आईनस्टाईन. लमेत्र खरेखुरे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि विश्व पसरतंय हे 1927 मध्ये गणितातून मांडलं तेही त्यांनीच, मग 1931 मध्ये ते म्हणाले की हे सगळं मागे मागे नेत गेलं तर शेवटी एका आद्य अणूत मावायला हवं. यालाच आज आपण बिग बँग म्हणतो.

झालं, लोकांना वाटलं हे तर बायबलचं पहिलंच पान. नोव्हेंबर 1951 मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी भाषणात तसंच सुचवलं, की देव म्हणाला 'प्रकाश होवो' त्या क्षणाची साक्ष आता विज्ञान देतंय.

लमेत्र खूश व्हायला हवे होते ना? ते उलट अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं, ही थिअरी देवाच्या प्रश्नात पडतच नाही, आस्तिकाला मानता येते तशी नास्तिकालाही. पोपच्या विज्ञान सल्लागारांशी ते बोलले, आणि 1952 मध्ये पोप जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर आले तेव्हा भाषणात तो दावा नव्हता.

मला हे फार मोठं वाटतं, कारण खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलच्या त्या काळच्या आकड्यांवरून विश्वाचं वय 200 कोटी वर्षांच्या आत येत होतं, म्हणजे पृथ्वीपेक्षा विश्वच तरुण! गॅलक्सींची अंतरं मोजण्यात चूक होती, ती पुढे दुरुस्त होत गेली, आज आकडा 1380 कोटी आहे. कुणी आपली श्रद्धा त्या जुन्या आकड्याला बांधली असती तर तिचं काय झालं असतं सांगा.

पुराणांच्या बाबतीतही हेच चालतं. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय साधारण 454 कोटी, की लगेच व्हिडिओ फिरतो, बघा ऋषींना माहीत होतं! अहो, पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये उल्कांमधलं शिसं मोजून काढलं, आणि ब्रह्मदेवाचा दिवस येतो युगांच्या हिशोबातून. आकडे जवळ पडले, एवढंच.

त्यापेक्षा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त मला जास्त भिडतं, ते असला कुठला आकडा देतच नाही, ही सृष्टी कुठून झाली ते वरून बघणाऱ्याला ठाऊक असेल किंवा त्यालाही नसेल, असं सरळ म्हणतं, आणि एवढ्या मोठ्या मनानं विचारलेल्या प्रश्नाला आपण सायन्सचं सर्टिफिकेट शोधत बसतो याचं खरंच वाईट वाटतं.