पायाच्या वरच्या बाजूचं ऊन

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्यात आपण डोक्याला रुमाल बांधतो, खिशात कांदा ठेवतो, तळपाय भाजू नयेत म्हणून चप्पल घालतो. आणि पायाची वरची बाजू? पट्टा सोडला तर ती उघडीच. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

माझी फुई, म्हणजे आत्या, चैत्र पौर्णिमेला धुळ्याहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जायची. अनवाणी. नवसच तसा होता. एका वर्षी मी सोबत होतो. वाटेत गावकरी डांबरावर पाणी मारत होते, कुणी ओली गोणपाटं अंथरली होती. पूर्वी या रस्त्याला निंबाची सावली होती, रुंदीकरणात ती गेली. झाडं तोडली तेवढी लावावीत आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी घालावं, हे मी दरवेळी बोलतो, आजही बोलतो.

देवळ्याला मुक्काम पडला. वहिनीनं परातीत पाणी घेऊन फुईचे पाय धुवायला घेतले आणि तिचा हात थांबला. तळवे ठीक होते, घट्टे पडलेले. वरची कातडी मात्र लालबुंद, ताणून चकचकीत झालेली, आणि अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा पाण्याचा फोड. फुईला विचारलं तर म्हणे, "माले काहीच दुखस नही." वीस वर्षांची साखर! पायाची जाणीवच गेलेली.

कुणी टूथपेस्ट आणली, कुणी सुई. दिंडीतल्या एका नर्सबाईंनी दोन्ही हातातून काढून घेतलं. बर्फही नको म्हणाल्या. वीस मिनिटं त्या तांब्यानं साधं गार पाणी ओतत राहिल्या. फोड तसाच ठेवून वर स्वच्छ कापड सैल बांधलं. सकाळी फुईला टेम्पोत बसवून कळवणला डॉक्टरांकडे नेलं. नवस मोडला म्हणून ती वाटभर रडत होती. तेव्हा माझे वडील म्हणाले, "ताई, आईनं चालत ये म्हटलं होतं, भाजून घे म्हटलं नव्हतं."

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो, पायाची वरची बाजू. तिथली कातडी पातळ असते, आणि दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मे महिन्यात तर एक दिवस, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. ते सरळ ऊन पावलावर उतरतं. म्हणून बारा ते तीन चालणं टाळा. सुती मोजे आणि कापडी बूट घाला. चप्पलच घालायची असेल तर तोंडाला लावता तेच सनस्क्रीन पावलांनाही लावा, ३० एसपीएफचं, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. दर दोन तासांनी पुन्हा लावा, पाय धुतले की लगेच. आणि साखर असलेल्यांनी अनवाणी चालूच नये. रोज रात्री पाय उजेडात धरून बघावेत, दुखत नसले तरी. दुखत नसले तरी!

पुढच्या चैत्रात फुई कापडी बुटात निघाली. पहाटे चारला चालायला लागायची, दहाला सावली धरायची. नांदुरीच्या पायथ्याशी तिनं मोजे काढले, धुतले, काठीला वाळत घातले आणि दुसरा कोरडा जोड चढवून गडाकडे वळली.