प्लॅन १०० चा, तरी गेम अडकतोय

मंडळी, पहिल्यांदाच सांगून टाकतो, क्लाउड गेमिंग, म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे इंटरनेटवरून फक्त त्याचं चित्र येतं, ते तुमच्या घरी कसं चालेल हे बिलावर छापलेल्या स्पीडवरून फारसं कळत नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाउ या क्लाउड गेमिंग सर्व्हिसचंच घ्या, १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी असतील तर २५ एमबीपीएस स्पीड मागतं, ७२०पी ला १५ पुरतात. आज फायबर घेतलेल्या बहुतेक घरांत एवढं असतंच की. तरी पोरं येऊन विचारतात, सर १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, यूट्यूब फोर-के मध्ये मस्त चालतं, मग गेमच का अडकतो?

तर यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं, मध्ये लाइन अर्धा सेकंद गचकली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. गेमला ती सोय नाही, कारण पुढच्या क्षणी तुम्ही वळणार की ब्रेक मारणार हे अजून तुमचंच ठरलेलं नाही, सर्व्हरला कुठून कळणार. बटण दाबलं की ते सर्व्हरपर्यंत जाणार, तिथलं ग्राफिक्स कार्ड चित्र काढणार, त्याचा व्हिडिओ बनून परत येणार आणि मग तुमचा लॅपटॉप तो उलगडून दाखवणार. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, आणि दर तेवढ्या वेळाने पुढची फ्रेम पोचली नाही की झटका बसलाच.

यातलं अंतर आपल्या हातात नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १०० किलोमीटरवर असला तर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३९ मिलिसेकंद तिथंच गेले, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही, वर मधले राउटर आपापला वाटा घेतातच. जीफोर्स नाउवाले हे जाणं-येणं ८० मिलिसेकंदांच्या आत असलंच पाहिजे म्हणतात आणि ४० च्या आत असेल तर उत्तम. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरवर ते ४० विसरा, राउटर कितीही महागाचा आणा. म्हणून मी कुठलीही सर्व्हिस ट्राय करताना आधी सर्व्हर कुठल्या शहरात आहे ते बघतो, गेमची यादी नंतर. गूगलची अशीच सर्व्हिस, स्टेडिया, नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली, जानेवारी २०२३ ला बंद पडली, आपल्याकडे आलीच नाही. गूगलने लोकांचे गेमचे पैसे परत केले हे चांगलं केलं, पण दुकानच उठलं तर विकत घेतलेला गेमही त्याच्यासोबत जातो हे डोक्यात ठेवा.

आता घरात या. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्ह तिथंच. ५ गिगाहर्ट्झ बरं, पण ते भिंतीपलीकडे दमतं, जुन्या घरांच्या जाड भिंती असतील तर बघायलाच नको. सरळ लॅनची वायर ओढा. बायको म्हणेल हॉलमधून वायर कसली, तर कडेकडेने चिकटवा, पण ओढा.

आणि खरा चोर वेगळाच असतो. तुम्ही गेम खेळताय आणि आतल्या खोलीत आईच्या फोनमधून लग्नाचे फोटो बॅकअपला चाललेत, अपलोड भरून गेलं की राउटर जास्तीचा डेटा टाकून न देता रांगेत उभा करतो, आणि तुमचं बटण दाबणं रेशनच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. तपासायचं सोपं आहे, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं, चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एखादी मोठी फाइल अपलोडला टाका, आकडा ८-१० वरून दीडशे-दोनशेवर उडाला तर दुखणं सापडलं. स्पीड टेस्ट तरीही शंभरच दाखवेल, बरं का! ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर त्यात रांग आवरणारी केक नावाची सोय आहे, तिला खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांची मर्यादा घालून द्या, रांग फुगत नाही. कंपनीने फुकट दिलेल्या डब्यात हे सहसा नसतं, मग खेळताना बॅकअप थांबवा, दुसरं काय. आणि टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू आहे ना बघा, पुष्कळ टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात वेळ खातात.

एवढं करूनही सगळे गेम जमणार नाहीत. पण ३० फ्रेमवर चालणाऱ्या कित्येक कन्सोल गेममध्ये, अगदी घरच्या मशीनवरसुद्धा, बटणापासून पडद्यापर्यंत १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातातच आणि लोक आनंदाने खेळतात. त्यामुळे गोष्टीवाले, फिरायचे, डोकं चालवायचे गेम क्लाउडवर मजेत होतात. फायटिंग आणि ऑनलाइन शूटर मात्र मी तरी तिथं खेळणार नाही, हरलो की चूक माझी का लाइनची हेच कळत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालेल का. हिशोब करू, २५ एमबीपीएस म्हणजे तासाला ११.२५ जीबी. घरच्या फायबरला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा धरली तरी २९० तास होतात, कुणी एवढं खेळत असेल तर आईवडिलांशी बोलावं लागेल. पण रोजच्या २ जीबीवाल्या पॅकवर ११ मिनिटांच्या आत खेळ खलास. अनलिमिटेड ५जी असलं तर डेटा पुरतो, पण गर्दीच्या वेळी टॉवरवर पिंग वरखाली उड्या मारतं, तेव्हा तिथं आपले बुद्धिबळासारखे गेम बरे.