पायाखाली लाव्हाचा समुद्र नाही

(कराड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, इथे येण्याआधी प्रीतिसंगमावर थोडा वेळ बसून आलो. कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन मिळतात ती जागा मला फार आवडते. आज मात्र मी पाण्यापेक्षा घाटाच्या काळ्या दगडाकडेच जास्त पाहत होतो. आजचं बोलणं त्या दगडाविषयी आहे. तो आला कुठून, आणि तो ज्याच्यावर उभा आहे ते काय आहे?

शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा मी मुलांना एक चित्र काढायला सांगतो. पृथ्वी मधोमध कापली तर आत काय दिसेल? बहुतेक वह्यांमध्ये वर पातळ तपकिरी साल असते आणि खाली सगळा नारिंगी, उकळता लाव्हा. मोठ्यांना विचारलं तरी हेच चित्र निघतं. हे चित्र चुकीचं आहे, आणि ते पुसल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६३७१ किलोमीटर. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, तेही सव्वाबारा किलोमीटरच. मग आतलं कळलं कसं? भूकंपांमुळे. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला. दूरदेशीच्या यंत्रांवरच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की एकाच भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या जातींच्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी पोचतात.

पहिली जात प्राथमिक लहरींची. मालगाडीला इंजिन जोडताना धक्का डब्यामागून डबा पुढे जातो, तशी ती ढकलत जाते. दुसरी जात दुय्यम लहरींची. गोठ्यात बांधलेलं दावं एका टोकाला झटकलं की हेलकावा दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तशी ती आडवी हलत जाते. आता ऐका, सगळी गोम इथे आहे. ही दुसरी लहर द्रवातून जाऊच शकत नाही. पाण्याला पीळ देता येत नाही, तसंच हे. आणि ती लहर आपल्या पायाखाली जवळजवळ २९०० किलोमीटरपर्यंत विनासायास जाते. म्हणजे वरच्या पातळ कवचाखालचा हा जाड थर, त्याला प्रावरण म्हणतात, सगळा घन खडक आहे!

द्रव लागतो तो त्याच्याही खाली. तिथे बाह्य गाभ्यात वितळलेलं लोखंड आहे, आणि होकायंत्राची सुई फिरते ती त्याच्या हालचालीमुळे. त्याच्या आत पुन्हा घन गाभा. तो इंगे लेमान या डॅनिश विदुषींनी १९३६ मध्ये दाखवून दिला, पुन्हा भूकंपलहरींवरूनच.

प्रावरण घन असेल तर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड तुकडे, सरकतात कशावर? रस्त्याच्या कडेला डांबराचं पिंप पाहिलंय ना? थंडीच्या सकाळी त्यावर पहार मारली तर कपचे उडतात. तेच पिंप आडवं पडून राहिलं तर काही दिवसांनी डांबर ओघळून पसरलेलं दिसतं. प्रावरणाचा तापलेला खडक असाच आहे. झटक्याला घन, लाखो वर्षांच्या हिशोबात वाहता. त्यावरून भारताचा पट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. शिवराज्याभिषेकापासून आजवर सतराएक मीटर झाले असतील, म्हणजे या सभागृहाच्या लांबीएवढे.

मग सह्याद्रीचा हा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला, तो आला कुठून? कुकरमध्ये दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर तापतं तरी खळखळून उकळत नाही. दाब एकदम सुटला की उसळतं. खडकाचंही तसंच. खोलवर तो तापलेला असतो, पण दाबामुळे वितळत नाही. असा खडक वर चढू लागला की दाब उतरतो आणि त्याचा काही भाग वितळतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना हेच झालं, आणि थरांवर थर बसत दख्खन झाली.

या काळ्या कातळावर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्टवर, आपण गडकोट बांधले आणि तो कधी हलणार नाही असं मानलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानं ते खोटं ठरवलं. हिमालयाशी भिडलेला आपला पट्ट आतपर्यंत ताणाखाली आहे. बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटमध्ये जुने भ्रंश, म्हणजे खडक सरकू शकतो अशा भेगा, आहेत, आणि धरणाच्या पाण्यानं त्यांची पकड सैल केली असं अभ्यासक मानतात. म्हणूनच कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं, आणि त्याचं संशोधन केंद्र याच कराडात आहे. किल्लारीला मात्र असं मोठं धरण नव्हतं. १९९३ ची विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आधी, आणि दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. ती भिंतींखाली गेली, हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं. चिऱ्यांना जोडणारा दगड आणि भिंतीला बांधून धरणारा आडवा पट्टा असता तर त्यातली कितीतरी वाचली असती.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: सह्याद्रीचा लाव्हा जिथून आला ती जागा आता कुठे आहे? ताई, जागा जवळपास तिथेच राहिली, आपण सरकलो. मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी माळ उरली. आज ती जागा हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागता आहे. त्याच माळेतलं शेजारचं बेट म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी माणसं तिथे ऊसमळ्यांवर राबायला गेली. मळे साफ करताना त्यांना जमिनीतून दगड वेचून ढीग लावावे लागायचे. तो दगड काळाच होता, बेसॉल्टच.