डिसरायली गिअर्स : सायकलच्या गिअरवरून पडलेलं नाव

[दृश्य : न्यूयॉर्क, जुना रस्ता, टॅक्सीतून उतरणारी गिटारची पेटी]

मे १९६७. अटलांटिक स्टुडिओत लंडनहून तिघं आलेत. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बासवर जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. बँडचं नाव क्रीम. दुसरा अल्बम 'डिसरायली गिअर्स' इथं रेकॉर्ड करायचाय. व्हिसा संपत आलाय, हातात मोजके दिवस.

साउंड इंजिनिअर टॉम डाउड तरुणपणी मॅनहॅटन प्रकल्पावर, म्हणजे अणुबॉम्बच्या कामावर होता. मार्शल अँप्लिफायरच्या भिंती रचलेल्या बघून तोही चक्रावला.

पहिल्या अल्बममध्ये रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स यांच्या ब्लूजमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्यांतल्या, चिजा होत्या. या वेळी ब्रूसनं स्वतःच्या चाली आणल्या होत्या, बहुतेकींचे शब्द कवी पीट ब्राउनचे. अटलांटिक रेकॉर्ड कंपनीचे अहमेट एर्टेगुन यांना त्या पटेनात. त्यांच्या लेखी क्रीम म्हणजे क्लॅप्टन, आणि क्लॅप्टन म्हणजे ब्लूज.

[दृश्य : फिरणारी टेप]

'लॉडी मामा' हा जुना ब्लूज तिघांनी वाजवून ठेवला होता. निर्माता फेलिक्स पापलार्डीनं ती टेप घरी नेली, बायको गेल कॉलिन्सबरोबर त्याच वाजवण्यावर नवे शब्द आणि नवी चाल बसवली. झालं 'स्ट्रेंज ब्रू'! बास मात्र जुन्याच गाण्याचा राहिला. कान देऊन ऐका, मध्येच तो चालीशी भांडतो. ब्रूसला ते खटकलं. मला विचाराल तर गाण्याची खरी चव तिथंच आहे.

'सनशाइन ऑफ युवर लव्ह'ची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, ब्रूसला सुचली ती जिमी हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर. तीही कंपनीला नको होती. ऑर्गनवादक बुकर टी. जोन्सनं दाद दिली, तेव्हा वरच्यांचे कान उघडले.

[दृश्य : मुखपृष्ठ, झगझगीत गुलाबी-केशरी]

हे चित्र मार्टिन शार्पचं. 'टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस'चे शब्दही त्याचेच. त्या गाण्यात क्लॅप्टनच्या पायाखाली नवा वाह-वाह पेडल आहे, पायानं दाबून गिटारचा सूर 'वाह' असा वळवणारा. गिटार अक्षरशः बोलायला लागते.

आणि नाव? क्लॅप्टन गिअरची सायकल घ्यायचं म्हणत होता. सामान वाहणारा एक सहायक 'डिरेल्युअर गिअर्स' (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर) म्हणायला गेला आणि तोंडून निघालं 'डिसरायली गिअर्स'. डिसरायली म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे पंतप्रधान! हसता हसता तेच नाव ठरलं.

अकरा गाण्यांत नऊ नवी, एक जुना ब्लूज. अकरावं लंडनच्या जुन्या नाट्यगृहांतलं, आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून गेलेल्या बाळाचं. एरवी ब्रूस आणि बेकर यांचं हातघाईवर यायचं. इथं मात्र पियानोभोवती तिघंही गळा काढून गातायत.

[गाणं सुरू. निवेदन थांबतं.]