शनिवारचं मतदान, शनिवारचा लिलाव

मंडळी, तुमच्यातले बरेच जण या देशात नवे आहेत, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. ऑस्ट्रेलियात संसदेची निवडणूक शनिवारी होते आणि घरांचे लिलावही बहुतेक शनिवारीच होतात. फुटपाथवर लिलाव करणारा उभा असतो आणि समोर पंचवीस-तीस माणसं. त्यांत बोली लावणारे जेमतेम चार, बाकीचे शेजारीपाजारी. आपल्या गल्लीत काय भाव चाललाय ते बघायला आलेले. सौदा पक्का झाला की ते मनातल्या मनात आपल्या घराचा भाव लावतात. मला आज या शेजाऱ्यांबद्दल बोलायचं आहे, कारण या देशात घरांचं धोरण काय असावं हे तेच ठरवतात.

इथे १९२४ पासून मतदान कायद्याने सक्तीचं आहे. टाळलं तर २० डॉलर दंड. त्यामुळे ९० टक्क्यांच्या आसपास मतदान होतं. एवढे सगळे मत देतात म्हटल्यावर भाडेकरूंच्या मताला वजन असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२१ च्या जनगणनेनुसार दर तीनपैकी साधारण दोन कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, मग त्यावर कर्ज असो वा नसो. राहतं घर विकलं तर नफ्यावर कर नाही. म्हातारपणाची पेन्शन ठरवताना मालमत्ता मोजतात, त्यात राहतं घर धरत नाहीत. घर हीच आयुष्याची पुंजी झाली, की भाव उतरावेत असं कोण म्हणेल?

२०१९ ची निवडणूक आठवा. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज आणि खर्च भाड्याहून जास्त झाला, तर तो तोटा पगारातून वजा दाखवून कर वाचवता येत होता. त्याला निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात. शिवाय वर्षभर ठेवलेली मालमत्ता विकली, तर १९९९ पासून नफ्याच्या निम्म्यावरच कर. तेव्हा विरोधात असलेल्या मजूर पक्षाचे नेते बिल शॉर्टन यांनी पहिली सवलत नव्या बांधकामापुरती ठेवायची आणि दुसरी निम्म्यावर आणायची असं जाहीर केलं. जनमत चाचण्या त्यांच्या बाजूने होत्या, तरी ते हरले. इतरही कारणं होती. क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कोळसा खाणीवरून खाणपट्टा आणि शहरं समोरासमोर आली होती. पण पक्षाने धडा घेतला तो घरांचा. २०२२ ला दोन्ही आश्वासनं गाळली आणि तो सत्तेवर आला. २०२५ मध्ये १५० पैकी ९४ जागा मिळाल्या, तेव्हा प्रचारात होतं ते पहिलं घर घेणाऱ्याला पाच टक्के डिपॉझिटवर सरकारी हमी. नवी घरं वेगाने उभी राहिली नाहीत, तर अशा हमीने खरेदीदार वाढतात आणि भाव आणखी चढतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शहराबाहेर चला. कोविडमध्ये शहरातले लोक लहान गावांकडे वळले आणि तिथली भाडी भडकली. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर युरोबोडाला शायरच्या (शायर म्हणजे ग्रामीण भागातली स्थानिक पालिका) महापौरांनी २०२२ मध्ये बाहेरगावी राहणाऱ्या हजारो घरमालकांना पत्र लिहिलं: सुट्टीचं घर रिकामं ठेवू नका, इथल्या लोकांना भाड्याने द्या. निवडून आलेल्या माणसाला विनवणी करावी लागली, हे मला फार लागलं.

आतल्या भागात भांडण वेगळं आहे. ह्यूमलिंक नावाची सुमारे ३६५ किलोमीटरची वीजवाहिनी वागा वागाच्या बाजूने स्नोई डोंगरांच्या पायथ्याशी जाते. ज्याच्या शेतातून ती जाते त्याला राज्य सरकारच्या योजनेतून किलोमीटरमागे दोन लाख डॉलर मिळतात, वीस वर्षांत विभागून. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला मनोरे दिवसरात्र दिसतात, पण त्या योजनेत त्याच्या वाट्याला काही नाही. हेच दोघे वणवा पेटला की एकाच स्वयंसेवी अग्निशमन पथकात धावतात. २०१९-२० च्या वणव्यात हा पट्टा होरपळला होता, म्हणून तारा जमिनीखालून न्या, अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही. असा प्रकल्प आला की कामगारही येतात, आणि गावातली उरलीसुरली भाड्याची घरं त्यांच्याकडे जातात.

तरी याच ग्रामीण भागाने एक वाट दाखवली आहे. ईशान्य व्हिक्टोरियातला इंडी मतदारसंघ लिबरल पक्षाचा गड होता. २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलांभोवती बैठका घेतल्या. प्रतिनिधी कसा हवा, मोबाइलची रेंज का नाही, रेल्वे धड का चालत नाही, यावर ते बोलले. त्यातून कॅथी मॅकगोवन अपक्ष उभ्या राहिल्या. पहिल्या पसंतीच्या मतांत त्या बऱ्याच मागे होत्या. पण इथे मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम देतो. खालच्या उमेदवारांची मतं वळत गेली आणि २०१३ मध्ये त्या ४३९ मतांनी जिंकल्या. २०१९ मध्ये त्यांच्या जागी हेलन हेन्स आल्या, त्याही अपक्षच.

यात आपणही आहोत. ४९१ या तात्पुरत्या प्रादेशिक व्हिसावर आलेल्यांना सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडूनच राहावं लागतं. त्यामुळे शेपर्टन, वागा, डबो अशा गावांत आपली मराठी मुलंमुली भाडं भरत राहतात, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांना मत नाही. ज्यांना मत आहे त्यांनी ते यांच्यासाठीही वापरावं, ही माझी कळकळीची विनंती. पुढच्या वेळी उमेदवार सभेला आला, की त्याला विचारा: आपल्या शायरमध्ये रिकामी घरं किती, आणि हॉस्पिटलात नव्याने रुजू झालेल्या नर्सला परवडतील अशी किती? आकडा मिळेपर्यंत उठू नका.